अडीच फुटांच्या रेल्वेचे दफ्तर

वाईच्या वेशीत आगगाडी कधी आली नाही. वाईकराचे स्टेशन म्हणजे वाठार; पुण्याहून मिरजेकडे जाणारी, प्रथम सदर्न मराठा रेल्वेच्या आणि पुढे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या कारभारातली मीटरगेज गाडी नीरा ओलांडून, सालप्याचा चढ चढून वाठारला टेकली, की महाबळेश्वरास जाणारी मंडळी तिथे उतरत आणि वाईवरून पसरणीच्या घाटाला लागत. १९७१ सालच्या सुमारास तो मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मीटरगेजचे रूळ उचलले गेले. वाठारचे नाव वेळापत्रकात राहिले, गाडी मात्र निराळी झाली. ज्या वाचकांना गेलेल्या रेल्वेची लहान प्रतिकृती करण्याची हौस आहे, टेबलावर का होईना पण ती गाडी पुन्हा फलाटाला लागलेली पाहावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे; आणि उदाहरणासाठी मी वाठारच्याही पुढे, मिरजेला जाणार आहे, कारण एका रेल्वेचा इतिहास आणि सामग्री कशी शोधावी हे शिकायला मिरजेसारखी पाठशाळा आपल्या मुलखात दुसरी नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिरज जंक्शनावर रुळांची तीन मापे शेजारी शेजारी नांदत होती: पुण्याकडून आलेले ब्रॉडगेज, बेळगावकडे जाणारे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारे नॅरोगेज. यांतले नॅरोगेज म्हणजे लोक ज्याला ‘बार्शी लाइट’ म्हणत ते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने, जो आधी जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत होता, ही अडीच फूट रुंदीची रेल्वे उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी गाव असा सुमारे एकवीस मैलांचा पहिला टप्पा उघडला. १९०६ मध्ये ती पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली, आणि सारा विस्तार दोनशे मैलांवर गेला. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने सारा मार्ग ब्रॉडगेज झाला, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन गेलेली ‘जलदूत’ गाडी ज्या वाटेने धावली ती मूळची हीच बार्शी लाइटची वाट होय.

हौशी कारागिराची पहिली चूक बहुधा अशी होते की, तो एखादे छायाचित्र पाहून मोहित होतो, लगेच पत्रा, लाकूड आणि कागद कापायला बसतो, आणि इंजिन अर्धे झाल्यावर त्याच्या ध्यानात येते की इंजिन एका काळाचे, डबे दुसऱ्या काळाचे आणि स्टेशनची पाटी तिसऱ्याच काळाची झाली आहे. आमच्या वाईला या बाबतीत एक वडिलार्जित धडा मिळालेला आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा जो पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, त्याचे कागद त्यांना वाईतच मिळाले. आणि बखरीत काय म्हटले आहे यापेक्षा समकालीन अस्सल कागदात काय लिहिले आहे हे आधी पाहावे, ही शिस्त त्यांनी महाराष्ट्राला लावली. बार्शी लाइट सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. राजवाड्यांची ती शिस्त इंजिनाच्या धुराड्यालाही तितकीच लागू पडते, असे माझे ठाम मत आहे. प्रतिकृतीतल्या प्रत्येक खिळ्यामागे दाखला असावा. आणि तो दाखला अस्सल कागदाचा, प्रत्यक्ष मोजलेला, कोणी सांगितलेला, की आपण केवळ अनुमानाने घेतलेला, हे त्या खिळ्यापुरते तरी आपल्या वहीत लिहिलेले असावे.

म्हणून काम सुरू करताना प्रथम हत्यारे बाहेर काढू नयेत. एक स्थळ आणि एक दिवस ठरवावा. ‘जुन्या काळची बार्शी लाइट’ असा काळ कोठेही नव्हता. ‘१९५३ ची आषाढी, कवठेमहांकाळ स्टेशन, पंढरपुराकडे निघालेली गाडी’ असे म्हटले की सारा शोध आपोआप आवळून येतो. कंपनीचा अंमल अजून चालू आहे, म्हणून डब्यांवरची अक्षरे कंपनीची. दिवस यात्रेचे, म्हणून गर्दी अमाप. आषाढ आहे, म्हणून आभाळ भरलेले आणि माळ नुकताच हिरवा होऊ लागलेला. जत्रांच्या दिवसांत मालडब्यांतून यात्रेकरू नेण्याची प्रथा हिंदुस्थानातल्या रेल्वेंत सर्रास होती, तेव्हा त्या गाडीला नुसते प्रवासी डबे जोडून भागणार नाही, वाघिणीही लागतील. एक दिवस ठरवल्याने किती प्रश्न उभे राहतात आणि किती नाहीसे होतात, हे यावरून दिसेल.

छापील साधनांत सर्वांत आधी रेल्वे बोर्डाचे ‘हिस्टरी ऑफ इंडियन रेल्वेज, कन्स्ट्रक्टेड अँड इन प्रोग्रेस’ हे जाडजूड पुस्तक पाहावे. ते वेळोवेळी सुधारून निघे आणि त्यात प्रत्येक रेल्वेचा करार, टप्पे उघडल्याच्या तारखा, रुळांचे वजन, चढ-उतार असा कोरडा पण विश्वसनीय तपशील असे. त्याच्या जोडीला दर वर्षीचे रेल्वे प्रशासनाचे अहवाल घ्यावेत. इंजिने किती, डबे किती, वाघिणी किती, याचे तक्ते वर्षवारी ओळीने लावले की सामग्री कोणत्या साली वाढली हे उलगडते, आणि ज्या साली आकडा एकदम उडी घेतो त्या सालाभोवती बाकीचा शोध केंद्रित करता येतो. गाड्यांच्या वेळांसाठी कलकत्त्याहून निघणारे ‘न्यूमन्स इंडियन ब्रॅडशॉ’ आहे. इंजिनांसाठी ह्यू ह्यूजेस यांच्या ‘इंडियन लोकोमोटिव्हज’ या मालेतला नॅरोगेजचा भाग हाताशी असावाच. कोणते इंजिन कोणत्या कारखान्याने कोणत्या साली, कोणत्या क्रमांकाने बांधले याची यादी त्यात मिळते, आणि कारखान्याचा क्रमांक एकदा हाती लागला की परदेशातल्या संग्रहांना पत्र लिहिताना नेमके मागणे मागता येते.

जिल्हा गॅझेटियर आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाचे असते, पण त्याच्या आवृत्तीचे साल पाहण्याची सवय थोड्यांना असते. सातारा जिल्ह्याचा जुना खंड १८८५ चा. त्या वेळी पुणे-मिरज मार्गाचे काम पुरते झालेले नव्हते, म्हणून त्यात रेल्वे ‘होणारी’ म्हणून येते. सोलापूरचा जुना खंड १८८४ चा, म्हणजे बार्शी लाइटच्या तेरा वर्षे आधीचा. त्यात तिचा शोध घेणे व्यर्थ. सुधारित आवृत्त्या साताऱ्याची १९६३ ची, सांगलीची १९६९ ची आणि सोलापूरची १९७७ ची. यांत आपली रेल्वे भेटते. नकाशांचेही तसेच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या जुन्या नकाशांपैकी मिरजेकडचा भाग ४७ एल या चौकटीत, पंढरपूर ४७ ओ मध्ये आणि कुर्डुवाडी ४७ एन मध्ये पडते. प्रत्येक नकाशाच्या समासात पाहणीचे साल छापलेले असते. ते १९२७ च्या आधीचे असेल तर मिरजेचा फाटा त्यावर नसणारच, आणि तो नाही म्हणून नकाशाला दोष देऊ नये.

दफ्तरखान्यांकडे वळताना एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ती मला फार उशिरा उमगली. बार्शी लाइटचा मिरज फाटा बांधला गेला तेव्हा हा मुलूख सलग इंग्रजी अमलाखाली नव्हता. मिरज, सांगली, जत अशा संस्थानांच्या हद्दी त्यात गुंतलेल्या होत्या. रेल्वेने संस्थानच्या जमिनीतून जायचे म्हणजे नुसती जमीन विकत घेऊन भागत नसे. रुळांच्या पट्ट्यावरची हुकमत कोणाची, तिथे गुन्हा घडला तर चौकशी कोणी करायची, जकात कोणी घ्यायची, याबद्दल दरबारांशी लिखापढी होई. तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात बांधकाम खात्याची रेल्वे शाखा तर पाहावीच, पण राजकीय खात्याचीही सूची पाहावी. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दफ्तराची चौकशी करावी. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘अभिलेख पटल’ ही सूची घरबसल्या चाळावी. जो शोधक केवळ ‘रेल्वे’ हा शब्द धरून बसतो त्याच्या हातून निम्मे दफ्तर निसटते. एखाद्या स्टेशनाचा मूळ आराखडा इंजिनियरच्या कागदांत सापडू नये आणि जकातीच्या नाक्याच्या जागेबद्दलच्या तक्रारीला जोडलेला सापडावा, असे दफ्तरांत नेहमी घडते.

याहूनही जवळचे, आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारे साधन आपल्या तालुक्याच्या गावी आहे. भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा आणि तलाठ्याच्या दप्तरातल्या जुन्या फेरफार नोंदी यांत रेल्वेसाठी संपादन केलेल्या जमिनीचा पट्टा गट-सर्व्हे नंबरांनिशी उमटलेला असतो. मार्गात पट्ट्याची रुंदी सारखी चाललेली असते आणि स्टेशनापाशी ती पोट वाढल्यासारखी फुगते. तो फुगवटा मोजला की यार्ड किती लांब, किती रुंद, हे कळते. फलाटाला लागून आणखी एखादा रूळ पडला होता का, याचा अंदाज बांधता येतो. आणि एका टोकाला कोपरा बाहेर निघालेला दिसला तर तिथे पाण्याची टाकी, विहीर किंवा कामगारांच्या चाळी असण्याचा संभव धरून पुढची चौकशी करता येते. नक्कल मागताना अर्जात गावाचे जुने नाव, संस्थान आणि शक्य तर सर्व्हे नंबर लिहावा. मोघम अर्जावर मोघम उत्तर येते. आरग, सलगरे, ढालगाव, जत रोड अशी लहान स्टेशने प्रतिकृतीसाठी मिरज-पंढरपुरापेक्षा अधिक सोयीची, कारण त्यांचे सारे यार्ड टेबलावर मावते आणि अशा नकाशांत ते एका नजरेत येते.

आता सामग्रीकडे येऊ. या रेल्वेची सामग्री अभ्यासणाऱ्याला एक फार मोठी सोय कॅलथ्रॉपनेच करून ठेवलेली आहे, आणि ती म्हणजे त्याची विचारपद्धती. नॅरोगेज म्हणजे मोठ्या रेल्वेची दुबळी नक्कल, हे त्याला मान्य नव्हते. गजाला तीस पौंड वजनाचा हलका रूळ वापरायचा, म्हणजे एका आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. पण मग हा पाच टनांचा भार इंजिनाच्याच नव्हे तर वाघिणीच्याही प्रत्येक आसावर पुरेपूर येऊ द्यावा, म्हणजे त्याच रुळावरून अधिकात अधिक माल जाईल, असा त्याचा हिशेब होता. म्हणून त्याने चार आसांच्या बोगीच्या वाघिणी केल्या, लीड्स फोर्ज कंपनीच्या दाबून घडवलेल्या पोलादी चौकटी वापरल्या, आणि मालवाहू सामग्रीला पंचवीस फूट लांब व सात फूट रुंद अशी एकच चौकट ठरवून दिली. इंजिनाचेही तसेच: लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेली पहिली पाच इंजिने ०-८-४ चाकरचनेची, म्हणजे पुढे मोकळी चाके नाहीत, मध्ये जोडलेली आठ आणि मागे चार, आणि पाणी-कोळसा अंगावरच वाहणारी. सहा आस, प्रत्येकी पाच टनांच्या आत. म्हणजे सारे इंजिन तीस टनांच्या आतबाहेर. ही सामग्री हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून तिची चाचणी घेतली गेली. रेल्वे वाढली तशी पुढे २-८-२ रचनेची, मागे टेंडर असलेली इंजिने आली. तेव्हा मिरजेच्या दृश्यात सरसकट ०-८-४ उभे करण्यापूर्वी साल पुन्हा पाहावे. कॅलथ्रॉपविषयी आणखी एक सांगण्याचा मोह आवरत नाही: या माणसाला अरबी घोड्यांचे अतोनात वेड होते आणि घोड्याशी मैत्री कशी करावी यावर त्याने ग्रंथ लिहिला, आसावरच्या भाराचा इतक्या ममतेने विचार करणारा अभियंता जनावराच्या पाठीवरच्या भाराचाही तितकाच विचार करीत असणार, असे मला नेहमी वाटते.

पंचवीस फुटांच्या त्या चौकटीत कारागिराच्या उपयोगाची एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर; चौकटीची लांबी त्याच्या बरोबर दहापट. कोणतेही प्रमाण घ्या, हे नाते बदलत नाही. १:८७ या प्रमाणात रुळांमधले अंतर ८.७६ मिलिमीटर येते, बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ त्याला चालतो, आणि वाघीण होते ८७.६ मिलिमीटरची. १:४८ मध्ये अंतर १५.९ येते आणि १६.५ चा रूळ जवळजवळ बसतो. पण ज्याला हाताने लाकूड-पत्र्यात काम करायचे आहे आणि ज्याची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, त्याला मी १:२४ सुचवीन. अंतर येते ३१.७५, आणि ३२ मिलिमीटरचा रूळ जणू त्यासाठीच केलेला आहे. वाघीण त्यात सुमारे ३१७ मिलिमीटर लांब आणि ८९ मिलिमीटर रुंद होते. दाराची कडी, बिजागरी, ब्रेकचा दांडा सारे सावकाश करता येते. जागा मात्र अधिक लागते, म्हणून एक इंजिन, चार वाघिणी, दोन प्रवासी डबे आणि ढालगावसारखे एक स्टेशन यावर समाधान मानावे लागते.

छायाचित्रावरून माप काढण्याचे काम वाटते तितके अवघड नाही, पण त्यात एक नियम मोडून चालत नाही: ज्या वस्तूचे माप ठाऊक आहे आणि जिचे काढायचे आहे, त्या दोन्ही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर, एकाच पातळीत असल्या पाहिजेत. वाघिणीचे अगदी बाजूने घेतलेले चित्र असेल तर तिची पंचवीस फुटांची चौकट ही आपली मोजपट्टी. समजा, छापावर चौकट १२५ मिलिमीटर भरली; म्हणजे ५ मिलिमीटरास एक फूट. मग त्याच बाजूच्या पत्र्यावरचे दार २५ मिलिमीटर रुंद भरले तर ते पाच फुटांचे. चौकटीची लांबी मोजताना जोडणीचे आकडे त्यात धरू नयेत, ही चूक फार होते. समोरून घेतलेले चित्र असेल तर रुळांमधले अडीच फूट ही मोजपट्टी; पण ते चाकांच्या पुढच्या जोडीपाशी मोजावे, चित्राच्या तळाशी नव्हे, कारण कॅमेऱ्याजवळचा रूळ नेहमी फुगलेला दिसतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून माप घेणे हा शेवटचा उपाय. आणि छायाचित्राच्या मागे काय लिहिले आहे ते वाचावे जरूर, पण त्यावर एकदम विसंबू नये. मागचे लिखाण बहुधा फोटो काढणाऱ्याचे नसते, पुढे कधी तरी आल्बम लावणाऱ्याचे असते.

इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची, हीच अडीच फुटांची एक लहान रेल्वे १९०४ ते १९३४ पर्यंत चालली. तिचा अभियंताही कॅलथ्रॉपच, आणि तिची दोन इंजिनेही किटसनचीच. तिकडच्या हौशी मंडळींनी तिची रेखाचित्रे बारकाईने प्रसिद्ध केलेली आहेत आणि आपल्याला ती फार उपयोगी पडतात. तथापि ती आपल्या रेल्वेची धाकटी बहीण आहे हे विसरू नये. तिची इंजिने २-६-४ रचनेची होती. बहिणीच्या चेहऱ्यावरून थोरलीचे चित्र काढताना जे साम्य दाखल्याने सिद्ध होईल तेवढेच घ्यावे आणि बाकीचे वहीत ‘अनुमान’ म्हणून मांडावे.

कागदांनंतर प्रत्यक्ष वस्तू. रूळ उचलले गेले तरी लोखंड मुलखातच राहते. स्टेशनजवळच्या गावांत जुना रूळ गोठ्याच्या तुळईला, फाटकाच्या खांबाला, विहिरीवरच्या रहाटाला लावलेला दिसतो. अशा रुळाच्या उभ्या पाठीवर, म्हणजे मथळा आणि तळ यांच्या मधल्या पट्टीवर, कारखान्याचे नाव, वजन आणि साल उठावाच्या अक्षरांत घडवलेले असते. तारेच्या ब्रशाने गंज हलकेच उडवावा, खडू आडवा धरून चोळावा, आणि तिरप्या उन्हात, सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी, पाहावे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात जे अक्षर मुळीच दिसत नाही ते तिरप्या उन्हात सावलीने उभे राहते. नंतर पातळ कागद लावून पेन्सिलीने ठसा घ्यावा. अक्षरे पुरती गेली असतील तर वजनावरून ओळखावे: गजास तीस पौंडांचा रूळ मीटरला सुमारे पंधरा किलो भरतो, म्हणजे वीतभर, वीस सेंटिमीटरांचा तुकडा तीन किलोंचा. घरमालकाला आधी विचारावे आणि काय शोधतो आहोत ते समजावून सांगावे. माझा अनुभव असा की, एकदा त्यांना कळले की आपण भंगारवाले नाही, मग तेच परसातून आणखी दोन तुकडे काढून आणतात. चालू रेल्वेच्या रुळांवर मात्र परवान्याशिवाय पाऊल टाकू नये. तो कायद्याने गुन्हा आहे आणि जिवालाही धोका आहे.

रंगाच्या बाबतीत काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावरून निर्णय करू नये. जुन्या डब्याची फळी किंवा दार कोणाच्या घरी सापडले तर त्याच्या आडोशाच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या पत्र्याखाली, पाणी लावून बारीक काचकागदाने नाण्याएवढी जागा घासावी. रंगाचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे वर्तुळावर्तुळाने उघडतात, सर्वांत आतला सर्वांत जुना. कोरडे खरवडू नये, कारण जुन्या रंगात शिसे असते आणि त्याची धूळ छातीत जाणे वाईट. त्या वर्तुळांचा फोटो काढताना शेजारी पांढरा कागद ठेवावा, म्हणजे पुढे रंग जुळवताना उजेडाचा दोष काढून टाकता येतो. पाहण्यासाठी संग्रहालयेही आहेत: दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, नागपूरच्या मोतीबागेतले २००२ साली उघडलेले नॅरोगेजचे संग्रहालय, आणि लहान गाड्यांची कला म्हणून पाहायची तर पुण्यात कोथरूडचे जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय. नागपूरची इंजिने आपली नव्हेत, पण अडीच फुटांच्या इंजिनाचे ब्रेक कसे बसवलेले असतात, कोळसा कोठून पडतो, ड्रायव्हर कोठे उभा राहतो, हे एकदा वाकून, हात लावून पाहिल्यावर रेखाचित्र निराळे दिसू लागते.

शेवटचे साधन माणसे, आणि ते सर्वांत आधी संपणारे आहे. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, सांधेवाले, गँगचे मुकादम यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांच्याकडे आजच जावे, दफ्तरखाना उद्या उघडा असेल. त्यांना ‘हे कोणत्या साली?’ असे विचारू नये. सालाचा हिशेब कचेरीतल्या माणसाचा असतो. आपल्या बाजूला काळ मोजण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: कोयनेचा भूकंप, म्हणजे ११ डिसेंबर १९६७, बहात्तरचा दुष्काळ, थोरल्या मुलीचे लग्न, मिरजेत ब्रॉडगेज आले ते वर्ष. ‘काका, भूकंपाच्या वेळी तुम्ही कोणत्या इंजिनावर होता?’ असे विचारले की उत्तर इंजिनाच्या नंबरासकट येते. मोकळ्या गप्पांपेक्षा फोटो समोर ठेवून बोलावे, आणि त्यांनी फोटोवर बोट ठेवले ती जागा ताबडतोब वहीत टिपावी. त्यांच्याजवळची पासाची पुस्तके, पगाराच्या चिठ्ठ्या, बदलीचे हुकूम यांची तिथेच बसून नक्कल करावी. अस्सल कागद घरी मागून नेऊ नयेत. आणि काम झाल्यावर फोटोची एक चांगली प्रत त्यांना नेऊन द्यावी.

माझ्या पहिल्या वाघिणीची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १:२४ ची ती वाघीण मी १९७४ च्या दृश्यासाठी केली होती. मापे दोनदा तपासलेली, बिजागऱ्या पितळेच्या, आणि बाजूवर ‘मध्य रेल्वे’ची अक्षरे, कारण १९५४ साली सरकारने बार्शी लाइट घेतली ती मध्य रेल्वेत आली, हे मी कागदावरून पाठ केले होते. ती घेऊन मी मिरजेला एका निवृत्त फायरमनकाकांकडे गेलो. त्यांनी ती गुडघ्यावर घेतली, उलटी करून खालची बोगी पाहिली, चाके फिरवली, दाराची कडी दोनदा उघडून मिटली, आणि मग अक्षरांवर अंगठा ठेवून म्हणाले, “मास्तर, गाडी आमचीच आहे, पण अक्षरं चुकली. तेव्हा आमच्या बदलीची कागदं सिकंदराबादेहून यायची.” मी घरी येऊन पडताळले. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्याकडे गेला, आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी तो मध्य रेल्वेकडे परत आला. म्हणजे १९५४ पूर्वीची अक्षरे कंपनीची, १९६६ पर्यंत मध्य रेल्वेची, पुढची अकरा वर्षे दक्षिण मध्य रेल्वेची, आणि त्यानंतर पुन्हा मध्य रेल्वेची. हुकूम तारखेने बदलतो, पण वाघिणीवरची अक्षरे ती कारखान्यात रंगाला जाईल तेव्हाच बदलतात. म्हणून हद्दीच्या सालातले दृश्य करणाऱ्याने एका गाडीत दोन्ही अक्षरांच्या वाघिणी बेलाशक लावाव्यात.

ती अक्षरे मी ओल्या फडक्याने पुसून नव्याने लिहिली, आणि पुन्हा मिरजेला नेली. काकांनी या वेळी चष्मा लावून वाचली आणि काही न बोलता वाघीण खिडकीत, उन्हात ठेवली. तेव्हापासून माझा क्रम असा आहे की, कागद, मोजमाप, रंग सारे झाले तरी वार्निशाचा शेवटचा हात मी वाईत देत नाही. आधी वाघीण रुमालात गुंडाळून वाठारहून मिरजेची गाडी धरतो.